दोन पानांवरचे रोप

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातले झाड बहुधा फुलावर आलेले असते. वर्णन फुलाफळांवर भरभरून होते, पान, खोड, मूळ यांचीही रीतसर नोंद होते. त्या झाडाने मातीतून डोके वर काढले तेव्हा ते कसे दिसत होते, हे मात्र पुस्तक सहसा सांगत नाही. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आजही तो आमच्या टेबलावर असतो, महाराष्ट्रात वनस्पतींचे काम करणाऱ्या कुणाचेही त्याच्यावाचून चालत नाही. पण दोन पानांवरचे रोप हातात घेऊन त्यात शोधायला बसलात तर पदरी काही पडणार नाही. फ्लोरा लिहिण्याची रीतच तशी आहे, ओळख पटवायची ती फुलाफळांवरून.

मी तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पीएच.डी.चा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा ही कोरी राहिलेली जागा माझ्या डोक्यात होती. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "रोपांची अंतर्रचना घ्या, पण कुणाच्या रोपांची?" मी म्हटले, वासाच्या वनस्पतींची. वास म्हणजे रसायन. ते तयार करायला आणि साठवून ठेवायला पेशींची खास मांडणी लागते. मोठ्या झाडातल्या या मांडणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती रोपात केव्हा दिसू लागते, कुठल्या अवयवात आधी दिसते, आणि दोन वेगळ्या कुळांत तिचा क्रम सारखा असतो का, हे मला पाहायचे होते. एका बाजूला एपिएसी कुळातली कोथिंबीर, शेपू, बडीशेप आणि ओवा घेतले. दुसऱ्या बाजूला लॅमिएसी कुळातली कृष्णतुळस आणि सब्जा. पुदिना मनात होता, पण तो आपल्याकडे धुमाऱ्यांपासून लावतात. त्याचे बियांपासून आलेले रोप हाती लागणेच दुर्मीळ.

काम धण्यापासून सुरू झाले. धणा हे खरे तर फळ. त्यात दोन फाका एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि प्रत्येक फाकेत एक बी. गावातले एक तात्या वर्षानुवर्षे नारायणगावच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या पाठवतात. माझ्या ट्रेकडे पाहून ते म्हणाले, "मॅडम, धणा अख्खा टाकू नका. चपलेखाली हलकं रगडा, फाका सुट्या झाल्या की रात्रभर भिजवा, मग पेरा." सगळे शेतकरी हेच करतात. अख्खा धणा पेरला तर उगवण रेंगाळते आणि दोन रोपे एकाच जागी दाटीने वर येतात. मला रगडण्याचा आणखी एक उपयोग झाला. सुटी झालेली फाक आतल्या खोलगट बाजूने भिंगाखाली धरली की दोन काळपट रेघा दिसतात. त्या तेलनळ्या. बडीशेप, शेपू आणि ओवा यांच्या एका फाकेत अशा सहा नळ्या असतात, चार पाठीकडे आणि दोन आतल्या बाजूला. धण्याच्या पिकलेल्या फाकेत दोनच. औषधी द्रव्यांची पारख शिकवणाऱ्या पुस्तकांत हे आकडे ठळक दिलेले असतात, कारण भेसळ ओळखताना ते कामी येतात. हिरव्या, कोवळ्या धण्यात मात्र पाठीकडेही तेलनळ्या असतात. फळ पिकताना त्या चेपून जातात आणि कच्च्या धण्याचा तो उग्र दर्पही त्यांच्याबरोबर जातो. मागे राहतो तो लिनॅलूलचा गोडसर वास. धण्याच्या तेलात सर्वांत मोठा वाटा लिनॅलूलचाच. कोथिंबिरीच्या पानाचा वास निराळा, तो डेकॅनल आणि डेसेनल यांसारख्या अल्डिहाइडांचा.

उगवणीच्या दिवशी हे दोन्ही वास एकाच रोपावर मिळतात. कोथिंबिरीचे रोप वर येते तेव्हा बहुतेक वेळा धण्याचे अर्धे टरफल बीजपत्राच्या टोकाला अडकलेले असते. ते चिमट्याने अलगद सोडवून बोटात चुरडले की धण्याच्या डब्याचा वास येतो. त्याच रोपाचे कोवळे, लांबट, देठाळ बीजपत्र चुरडले की ताज्या कोथिंबिरीचा. टरफल हा आईच्या शरीराचा भाग, बीजपत्र हे नव्या जिवाचे. दोघांमध्ये जेमतेम एका पिढीचे अंतर आहे आणि रसायन पार बदलले आहे. विद्यार्थ्यांना मी हे पहिल्याच प्रात्यक्षिकात करायला लावते. त्यासाठी उपकरण लागत नाही, नाक पुरते.

आता छेदांबद्दल. रोप इतके नाजूक असते की कोथिंबिरीच्या मुळाची जाडी मिलिमीटरभरही नसते. एकामागून एक सलग छेद हवे असतील तर मायक्रोटोमला पर्याय नाही. रोप आधी अल्कोहोल, ॲसेटिक आम्ल आणि फॉर्मॅलिन यांच्या मिश्रणात मारून घ्यायचे, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचे, झायलीनमधून न्यायचे, वितळलेल्या पॅराफिनमध्ये मुरवायचे, मेणाचा ठोकळा करायचा आणि मग दहा मायक्रॉन जाडीचे छेद कापायचे. छेद एकमेकांना चिकटून मेणाची लांब फीत निघते. ती काचपट्टीवर चिकटवायची, मेण काढायचे, सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीनने रंगवायचे. पेशींच्या भिंती आणि वाहिन्या यात इतक्या लख्ख दिसतात की चित्र काढावेसे वाटते.

पण वासाच्या वनस्पतींबाबत या पद्धतीला मोठी मर्यादा आहे. अल्कोहोल आणि झायलीन यांत सुगंधी तेल विरघळून जाते. मेणातल्या छेदात तेलनळी दिसते ती रिकामी. घर शाबूत, राहणारा निघून गेलेला. म्हणून तेल पाहायचे तर ताज्या रोपाचा हाताने घेतलेला छेद हवा. ही कला मी आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांकडून शिकले. मामांचे शिक्षण शाळेपुरतेच, पण बटाटा निवडण्यापासून त्यांचा अभ्यास होता. जुना, मऊ पडलेला बटाटा चालत नाही. कडक, रसरशीत हवा. त्याचा बोटभर तुकडा काढून मध्ये चीर द्यायची, चिरेत रोप उभे धरायचे. ब्लेड पाण्यात बुडवून घ्यायचे. "दाबू नका मॅडम, ओढा," ते म्हणायचे. ब्लेड आपल्याकडे एका दमात ओढले की बटाट्याबरोबर रोपाचीही पारदर्शक चकती निघते. पाण्याच्या थेंबात ती तरंगली की मामा बिनचूक सांगत की ही ठेवण्याजोगी आहे की नाही. अशा ताज्या छेदावर सुदानचा रंग टाकला की तेल नारिंगी-तांबडे होते. टर्पीनांसाठी नाडी नावाचे अभिकर्मक वापरतात. डेव्हिड आणि कार्ड यांनी १९६४ साली दिलेल्या या पद्धतीत सुगंधी तेलाचे थेंब निळे पडतात. पहिल्यांदा कोथिंबिरीच्या बीजपत्राच्या छेदात मधल्या शिरेखाली एकच निळा ठिपका उमटला, तेव्हा मी मामांना हाक मारून नळीतून पाहायला लावले होते.

तो ठिपका म्हणजे तेलनळीचा आडवा छेद. ही नळी तयार कशी होते ते पाहणे मला अजूनही आवडते. चार-पाच पेशी एका कोपऱ्यात एकमेकींना टेकलेल्या असतात. त्या कोपऱ्यात त्यांच्या भिंती सुटतात, मध्ये फट पडते, फट वाढत जाऊन पोकळी होते आणि भोवतालच्या पेशी त्या पोकळीत तेल सोडतात. यात कुठलीही पेशी मरत नाही, त्या फक्त बाजूला सरकतात. संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या तेलाच्या पिशव्या पूर्णवाढ अवस्थेत पाहिल्या तर तिथे पेशी विरघळलेल्या दिसतात. कोथिंबिरीच्या कुळात तसे नाही. पोकळ्या एकाखाली एक जुळून नळी होते आणि ती शिरांच्या सोबतीने रोपभर धावते. रोप दोन पानांवर असते तेव्हाच बीजपत्रात, अक्षात आणि मुळातही ती हजर असते.

मुळातली तेलनळी ही या सगळ्या कामातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबते. कोथिंबीर, गाजर, शेपू यांच्या कोवळ्या मुळाचा आडवा छेद घेतला तर मध्यभागी जलवाहिन्यांची एक सपाट पट्टी दिसते. तिला दोन टोके असतात, आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना रसवाहिन्यांचे दोन पुंजके. बहुतेक वनस्पतींत उपमुळे फुटतात ती पट्टीच्या टोकासमोरच्या पेशींतून. म्हणजे दोन टोके असतील तर उपमुळांच्या दोन उभ्या रांगा हव्यात. पण या कुळात नेमकी टोकासमोरची जागा तेलनळीने अडवलेली असते. उपमूळ तिथे फुटत नाही, नळीच्या डाव्या-उजव्या बाजूने फुटते. दोन टोकांना दोन-दोन बाजू मिळून उपमुळांच्या चार रांगा होतात. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप व्हॅन टीगेम यांनी एकोणिसाव्या शतकातच ही गोष्ट टिपली होती. सूक्ष्मदर्शक नसेल तर मंडईतून एखादे न तासलेले गाजर आणा. त्याच्या अंगावर बारीक आडव्या खुणा आणि धाग्यासारखी मुळे दिसतील. गाजर हळूहळू फिरवत त्या खुणा वरून खाली जुळवा. चार उभ्या ओळी लागतात. केसाहून बारीक नळीने कोवळेपणी जागा अडवली, आणि त्याची निशाणी महिन्यांनंतर भाजीवाल्याच्या पाटीतल्या गाजरावर वाचता येते.

मूळ आणि खोड यांच्यामधला जो दांडा बीजपत्रांना वर उचलतो त्याला हायपोकॉटिल म्हणतात, मराठी परिभाषेत अधराक्ष. रोपांची अंतर्रचना पाहणाऱ्यांचे खरे रणांगण हेच. मुळात सर्वांत आधी तयार झालेल्या जलवाहिन्या बाहेरच्या अंगाला असतात, खोडात त्या आतल्या अंगाला. मुळात जलवाहिन्या आणि रसवाहिन्या आळीपाळीने बसतात, खोडात त्या एकाच जुडग्यात मागेपुढे. ही सगळी उलथापालथ अधराक्षाच्या दोन-तीन सेंटिमीटरांत उरकते. कोथिंबिरीच्या रोपाची मेणाची फीत खालून वर वाचत गेलात तर दिसते की रसवाहिन्यांचा प्रत्येक पुंजका दुभंगतो, त्याचे अर्धे-अर्धे भाग पट्टीच्या टोकांकडे सरकतात, पट्टी मध्ये विलग होते, आणि शेवटी एकेका टोकाची जुडी एकेका बीजपत्रात शिरते. शिकवताना मी या जागी नेहमी आवाज चढवते. मुळाचा पहिला संबंध खोडाशी जुळतच नाही, तो बीजपत्रांशी जुळतो. खोडाच्या वाहिन्या मागाहून येऊन त्यात मिळतात. मोठे झाड कापून हे कधीच कळणार नाही. ते फक्त रोपाला विचारता येते.

तुळशीच्या कुळाकडे वळले की सगळा नूर बदलतो. सब्जाचे बी पाण्यात टाकताच फुगते आणि त्याभोवती पारदर्शक बुळबुळीत थर येतो, फालुद्यात आपण तो खातोच. मातीत हाच थर ओल धरतो आणि बी मातीला चिकटवून ठेवतो. तुळशीच्या मंजिरीतल्या बियांना हा बुळबुळीतपणा सब्जाच्या मानाने फारच कमी. उगवल्यावर मात्र दोघींची बीजपत्रे एका घराण्याची दिसतात: रुंद, अर्धवर्तुळाकार, देठाशी किंचित खाच पडलेली. शेपू-बडीशेपेची दोऱ्यासारखी अरुंद बीजपत्रे शेजारी ठेवलीत तर कुणीही न शिकता दोन कुळे वेगळी काढील.

तुळशीचे खोड चौकोनी असते हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. रोपाचा अधराक्ष बोटांत फिरवून पाहा, तो गोल लागतो. छेदातही गोल. बीजपत्रांच्या वर पहिले कांडे फुटले की तिथे चार कोपरे उभे राहतात आणि प्रत्येक कोपऱ्यात जाड भिंतींच्या पेशींचा आधार भरतो. लॅमिएसी कुळाची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे चौकोनी खोड, आणि ती रोपाच्या खालच्या निम्म्या भागात नसतेच. बीजपत्रांच्या खाली गोल, वर चौकोन. ओळखीच्या खुणा झाडाला एकदम मिळत नाहीत, क्रमाने मिळतात, आणि तो क्रम नोंदवणे हेच तुलनात्मक अभ्यासाचे काम आहे असे मला वाटते.

वासाचेही तसेच. तुळशीच्या कुळात तेल आत नळीत नसते, अंगावरच्या सूक्ष्म केसांत असते. सब्जाच्या पानावरची मोठी तैलग्रंथी पाहा: पायाशी एक पेशी, तिच्यावर आखूड देठाची एक, आणि वर चार पेशींचे चपटे डोके. या चार पेशी तेल तयार करून आपल्याच बाहेरच्या पातळ पापुद्र्याखाली ढकलतात. पापुद्रा फुगतो, खाली तेल साठते, बोट लागताच तो फुटतो. पेपरमिंटमध्ये डोक्यात आठ पेशी असतात, थाइम आणि ओरेगॅनोमध्ये बारा. तेल याच पेशींत तयार होते, पानाच्या इतर पेशींतून येत नाही, हे पेपरमिंट आणि सब्जा या दोन्हींच्या ग्रंथी पानावरून सुट्या करून तपासून दाखवले गेले आहे. मला रोपात काय दिसले? बीजपत्रांवर या ग्रंथी तुरळक, लांब लांब विखुरलेल्या. पहिल्या खऱ्या पानावर एकदम दाटी. पान कोवळे असताना त्या एकमेकींना जवळजवळ खेटून असतात. पान पसरत जाते तशा दूर जातात. तुळशीचा कोवळा शेंडा जास्त घमघमतो त्यामागे ही दाटीही आहे.

रोपे वाढवायची कुठे यालाही महत्त्व आहे. सब्जाच्या तैलग्रंथी नीट भरण्यासाठी सूर्यप्रकाशातले यूव्ही-बी किरण लागतात, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. हे किरण न मिळालेल्या रोपांत ग्रंथी होत्या, पण त्यांच्या तेलाच्या पिशव्या भरलेल्या नव्हत्या. खिडकीची काच हे किरण अडवते. म्हणून माझ्या तुलनेतली सगळी रोपे मी गच्चीत, उघड्यावर वाढवली. काचेआडच्या रोपांवरून वासाबद्दल निष्कर्ष काढणे मला पटत नाही, मग मायक्रोटोम कितीही महागडा असो.

दोन्ही कुळांतला फरक सर्वांत स्पष्ट होतो तो ओव्यापाशी. ओव्याचा वास थायमॉलचा. आपल्या कुंडीत वाढणारा पानओवा, ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात, त्याचाही वास तसाच, कारण त्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतात. दोन्ही रेणूंचे सूत्र एकच, बांधणीत थोडा फरक. पण ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, पानओवा तुळशीच्या. एकाने तो वास अंगातल्या नळीत साठवला, दुसऱ्याने अंगावरच्या केसांत. पानओव्याला नुसता हात घासला तरी वास येतो. ओव्याचे रोप चुरडावे, मोडावे लागते. तुळशीवरून वारा आला तरी सुगंध येतो आणि कोथिंबीर चिरल्यावर स्वयंपाकघरभर दरवळते, यामागेही हीच दोन वेगळी बांधकामे आहेत. रसायनाच्या यादीत ओवा आणि पानओवा शेजारी बसतात. रोपाचा छेद त्यांना दोन टोकांना नेऊन ठेवतो. नाते ठरवताना मी छेदावर जास्त विश्वास ठेवते.

हे सगळे प्रयोगशाळेतले ज्ञान झाले. ज्यांनी सूक्ष्मदर्शक पाहिलेलाही नाही अशा बायकांना रोपे माझ्याहून चांगली ओळखू येतात, हे मी शेपूच्या वाफ्यात पाहिले आहे. खुरपणीला आलेल्या आक्का बसल्या जागेवरून हात पुढे टाकत होत्या. शेपू दोन पानांवर, त्यात माठ, चंदनबटवा आणि गाजरगवत उगवलेले. त्यांचे खुरपे एकाही शेपूच्या रोपाला लागत नव्हते. मी विचारले, कसे कळते? त्यांनी माठाचे रोप उपटून उलटे धरले, बीजपत्राची खालची बाजू लालसर होती. मग एका शंकास्पद रोपाचे पान बोटात चोळले आणि म्हणाल्या, "वास न्हाय आला तर ते आपलं न्हवं." दोन पानांवरच्या रोपाची ही कसोटी कुठल्या फ्लोऱ्यात नाही. मी ती माझ्या वहीत लिहून घेतली आणि पुढे छेद घेऊन तपासली. शेपूच्या बीजपत्रात तेलनळी आहे, त्या तणांच्या बीजपत्रांत नाही.

रोपांकडे मान वळवून पाहणारी माणसे पूर्वीही होती. जॉन लबक यांनी १८९२ साली रोपांवर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. पण मला जवळची वाटते ती एथेल सार्जंट. इंग्लंडमधल्या रायगेट गावी, आईच्या घराच्या बागेत तिने स्वतःची छोटी प्रयोगशाळा उभी केली होती. पुढे वनस्पतिरचनेच्या अभ्यासात मोठे नाव कमावलेल्या ॲग्नेस आर्बर यांनी तिच्या हाताखालीच तिथे काम केले. १९०३ साली सार्जंटने रोपांच्या अंतर्रचनेवरून एकबीजपत्री वनस्पतींच्या उगमाचा सिद्धांत मांडला: दोन बीजपत्रे एकत्र जुळून एक झाले असावे. पुढच्या अभ्यासकांनी तो सगळा मान्य केला नाही. तरी रोपाच्या अधराक्षातल्या वाहिन्यांवरून एवढा मोठा प्रश्न विचारता येतो, हे तिने दाखवून दिले. आणि कोथिंबिरीच्या कुळाशी याचा संबंध आहे. शहाजिरे ज्या बुनियम वंशातले, त्या वंशात एकच बीजपत्र घेऊन उगवणाऱ्या जाती आहेत. द्विबीजपत्री कुळात जन्मलेले, एका पानावर उभे असलेले रोप! मला ते प्रत्यक्ष पाहायचे आहे.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मला विचारले गेले की याचा उपयोग काय. प्रश्न रास्त होता. उपयोग आहेत: रोपवाटिकेत मिसळलेले बी दोन पानांवरच ओळखता येते; कोवळ्या रोपांची भाजी म्हणून लागवड करणाऱ्याला वास केव्हा भरतो ते सांगता येते; सुगंधी पिकांचे वाण निवडणाऱ्याला झाड फुलावर येईपर्यंत थांबावे लागत नाही, पहिल्या पानावरच्या ग्रंथी मोजून निदान अंदाज तरी बांधता येतो. पण माझे उत्तर तेवढ्यावर थांबले नव्हते. मी म्हटले, झाडाच्या आयुष्यातला सर्वांत घाईचा, सर्वांत नाजूक काळ हा आहे, आणि आपण त्याकडे पाहतच नाही. आजही माझे तेच म्हणणे आहे.

पदवीच्या प्रात्यक्षिकांत मुले वर्षानुवर्षे सूर्यफुलाचे खोड, मक्याचे खोड आणि हरभऱ्याचे मूळ कापत आली आहेत. त्यासाठी तयार काचपट्ट्या मिळतात, त्या सुबकही असतात. पण त्यांत कुठलाही प्रश्न शिल्लक नसतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या बरोबरीच्या सर्वांना माझी विनंती आहे. या पावसाळ्यात एका ट्रेमध्ये धणे, शेपू, ओवा आणि सब्जा पेरा, गच्चीत ठेवा. मुलांना रोज एक-एक रोप काढू द्या. बटाटा, ब्लेड आणि सुदानची एक बाटली एवढे सामान पुरते. छेद कुठे घेतला, किती उंचीवर घेतला, त्या दिवशी रोपाला पाने किती होती, हे काचपट्टीवर पेन्सिलीने लिहायला लावा, कारण रोपाच्या छेदाला या तीन नोंदींवाचून किंमत नाही. चित्रे जपून ठेवा, पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवा. आपल्याकडच्या वासाच्या किती तरी वनस्पतींची रोपे अजून कुणी नीट काढलेली नाहीत. जोतिबाला वाहतात तो दवणा, गजऱ्यातला मरवा, बांधावरची रानतुळस. सुरुवात कुठूनही करता येईल.